लिंडानीचं बारसं

शकुंतलाआक्कांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे कोरेगावातल्या त्या गल्लीत नव्यानं राहायला आलेल्यालाही आठवड्याभरात कळायचं. दूधवाला, भाजीवाली, सगळे त्यांच्या दारात आवाज जरा खाली घ्यायचे. पण हा राग चहा निवेपर्यंतसुद्धा टिकायचा नाही. टिकला तो एकच, आणि तोही ज्याच्यावरून जीव ओवाळून टाकावा अशा माणसावर. धाकट्या भावावर, मधूवर.

मधूला जन्म देऊन आई गेली, तेव्हा आक्कांचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. वडील, गुंडा त्यांचं नाव, विट्याजवळच्या गावात एकटेच. तान्हं पोर कसं सांभाळणार? आक्कांनी मधूला उचलला आणि सरळ सासरी आणला. नवरा काही बोलला नाही. सासू बोलली, ते आक्कांनी ऐकलं नाही. पुढं स्वतःला मूलबाळ झालं नाही, त्याचंही त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही, कारण कडेवर मधू होताच.

मधू मोठा झाला तो गलाईच्या धंद्यात शिरला. सोनाराकडचं जुनं, हिणकस सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. विट्याकडची माणसं या भट्टीपायी साऱ्या देशभर पांगली आहेत. मधू जरा जास्तच पांगला. आधी केरळात, मग एका सराफाच्या ओळखीनं थेट दक्षिण आफ्रिकेत, डर्बनला. तिथंच त्यानं नोमुसा नावाच्या झुलू मुलीशी लग्न केलं. गल्लीनं तोंडात बोटं घातली. धोंडुबाई शेजारीण तर घरात येऊन चुकचुकली. आक्कांनी तिला विचारलं, "का गं, तुज्या लेकानं जातीतली केली, ती तुला कुठं जेवाय वाढती?" त्यानंतर या विषयावर कुणी चुकचुकलं नाही.

म्हणजे राग भावजयीवरून नव्हता. राग नावावरून होता.

पोरगा झाला तेव्हा मधूनं फोन केला. आक्का रडल्या, हसल्या, पेढे वाटले. आणि म्हणाल्या, "बारसं कवा करायचं? आत्याबिगर नाव ठिवाय येत न्हाई, ठावं हाय न्हवं?" मधू म्हणाला, "ठावं हाय आक्का. पोराला घिऊन वर्साच्या आत येतो. नाव तूच ठिवायचं." एवढ्यावर माणसानं गप्प बसावं की नाही? पण आक्कांना धीर कुठला. बाराव्या दिवशी त्यांनी पाळणा मागून आणला, बायका बोलावल्या, आणि बारशाला बाळाबरोबर पाळण्याखालून फिरवतात तो वरवंटा कुंची घालून बाळाच्याच जागी निजवला. पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या. बायकांनी विचारलं, "आवं आक्का, नाव काय ठिवलं?" आक्का म्हणाल्या, "नाव कानात सांगायचं आसतंय. दगडाला कुठला कान? पोरगं यील तवा सांगीन."

नाव मनात पक्कं होतं. गुंडा. बापाचं. शहरातली माणसं या नावाला हसतात, हसू देत. सांगलीकडं अजून गावोगाव गुंडाप्पा आणि गुंडोपंत आहेत. गेलेला बाप पुन्हा घरात नांदेल, त्याला हाक मारता येईल, एवढंच आक्कांना हवं होतं.

आणि महिना झाला नाही तोच मधू फोनवर बोलता बोलता म्हणाला, "लिंडानी आत्ताच झोपला बघ."

"कोण?"

"पोरगं. लिंडानी. हिच्या आईनं ठिवलंय."

आक्कांनी फोन फडताळात ठेवला आणि भाकरी थापायला बसल्या. फडताळातून मधू बराच वेळ "आक्का, आगं ऐक तरी" म्हणत होता. भाकरी त्या दिवशी जाड झाल्या.

तेव्हापासून ते नाव त्यांनी तोंडातून काढलं नाही. फोन रोज व्हायचे, व्हिडिओवर पोरगं दिसायचं, दात आलेलं, पडलेलं, पुन्हा आलेलं. आक्का "बाळा" म्हणायच्या, "माज्या वाघा" म्हणायच्या. नावाचा विषय निघाला की त्यांना दारात कोणीतरी आल्यासारखं वाटायचं आणि फोन बंद व्हायचा. मधूचं वर्षही लांबत गेलं. कधी कागदपत्रं अडली, कधी तिकिटाचं जमलं नाही, मध्ये जगालाच कुलूप लागलं. आक्कांचे यजमान गेले तेव्हासुद्धा मधूला येता आलं नाही. त्या दिवशी तो फोनवर लहान पोरासारखा रडला आणि आक्कांनीच त्याला गप्प केलं. त्यांना स्वतःला गप्प करायला घरात कुणी नव्हतं. संध्याकाळी दिवा लावला की त्या उंबऱ्याशी येऊन बसायच्या. एसटी स्टँडकडून येणारी माणसं तिथून दिसतात. धोंडुबाई विचारायची, "कुणाची वाट बघताय?" त्या म्हणायच्या, "वाट कशाला बघू, वारा घेतीया."

सात वर्षांनी, पौषात, मधू आला.

गाडीतून आधी मधू उतरला, पोट सुटलेला, कपाळ मोठं झालेला. मग नोमुसा, उंच, डोक्याला रंगीत रुमाल. आणि मग पोरगा. रंग आईचा, केस आईचे, पण चाल! पाय जरा फेकत, खांदा एका बाजूला टाकून चालणारा बाप त्यांनी विट्याच्या बाजारात शंभरदा बघितला होता. पोरगा पुढं आला आणि शिकवून आणलेलं एका दमात म्हणाला, "आत्या, मी आलो." आक्कांनी त्याला पोटाशी धरला तो इतका वेळ, की शेवटी तोच वळवळून सुटला.

दोन आठवड्यांची रजा. पहिले चार दिवस गल्ली बघायला येण्यातच गेले. नोमुसाला मराठी येत नव्हती, आक्कांना दुसरं काही येत नव्हतं, पण कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची, त्या पट्ट्यापट्ट्यांच्या राजम्याची, उसळ पहिल्यांदा खाल्ल्यावर ती पातेलंच पुढं ओढून बसली. तिच्याकडंही असंच करतात म्हणे, घेवडा आणि मका. त्यावर आक्कांनी तिला पास करून टाकलं. पोराला औंधला नेऊन यमाईच्या पायावर घातलं. पोरगा रोज गल्लीतल्या पोरांत खेळायचा, आणि पोरं "लिंडानी, लिंडानी" करून ओरडायची. तेवढं ऐकू आलं की आक्का भांडी जरा जोरात ठेवायच्या.

एका दुपारी ओसरीवर घेवडा निवडत बसल्या असताना नोमुसानं मधूला काहीतरी विचारलं. तिनं पुन्हा विचारलं.

"काय मनती?" आक्का म्हणाल्या.

मधू सुपाकडं बघत म्हणाला, "मनती, नाव कवा ठिवणार हायसा?"

आक्कांचा हात थांबला. "ठिवलंय की. तुमीच ठिवलंय. आता आत्याला काय इचारताय?"

"आक्का, एकदा ऐकून घे. फोन ठिवाय हितं फडताळ न्हाई," मधू म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बहिणीला बोलू दिलं नाही. "त्यांच्यात घरात त्या येळी काय चाललंय त्यावरनं पोराचं नाव ठिवत्यात. कुणाच्या घरात भांडणं मिटली, त्यावरनं. कुणाचं मानूस गेलं, त्यावरनं. ह्यो झाला तवा हिची आई मनाली, नाव ठिवू या. मी मनलं, आमच्यात आत्या ठिवती, आत्या लांब हाय, ती यील न्हाई तर आमी जाऊ. तवर थांबा. म्हातारी मनाली, बरं, मग तसंच नाव ठिवू. लिंडानी. म्हंजी, वाट बघा. समद्यांनी वाट बघा. ते नाव न्हवंच आक्का. तुजी जागा धरून ठिवलीया. त्याच्या शाळंत ह्या नावाचा दुसरा न्हाई. मास्तरीण इचारती, कुणाची वाट बघायची, तर ह्यो सांगतो, माज्या आत्याची."

घेवडा सुपातच राहिला. "मग सात वर्सं सांगितलं का न्हाईस, मुडद्या?"

"तू ऐकत हुतीस व्हय? आन्..." मधूनं सुपातला एक दाणा उचलला. "सांगायचं म्हंजी कबूल करायचं, की वर्सात येतो मनलो आन् आलो न्हाई. त्याला हाक मारली की मलाच टोचायचं."

आक्का उठून आत गेल्या आणि रडल्या. किती रडल्या ते विचारू नये. सात वर्षं आपण इथं उंबऱ्यावर बसत होतो आणि समुद्रापलीकडं एक अनोळखी म्हातारी दिवसातून पन्नासदा हाक मारून सगळ्या घराला आपली वाट बघायला लावत होती; आणि आपण त्याच नावाचा राग धरला. बाहेर आल्या त्या पदर खोचूनच. "धोंडुबाईला सांग. बारसं करायचं. तुमी जायच्या आदल्या दिशी."

आदल्या दिवशी दुपारी घर बायकांनी भरलं. सात वर्षांचा घोडा पाळण्यात मावेना. तो पाटावर बसला, नवी टोपी घालून, हसू दाबत. नोमुसा लुगडं नेसली होती, धोंडुबाईनं नेसवलेलं. ती आक्कांकडं अशी बघत होती की जणू तिचंच नाव ठेवलं जाणार आहे. पाळणा म्हणून झाला. बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालायला हात उगारून उभ्या राहिल्या.

आक्का पोराच्या कानाशी वाकल्या. गुंडा हे नाव जिभेच्या टोकावर होतं. सात वर्षं ते तिथंच होतं. दारात मधूच्या बॅगा बांधून ठेवलेल्या दिसत होत्या. त्यांनी श्वास घेतला, आणि कुर्र करून कानात सांगितलं. धपाटे पडले. पोरगं चमकून त्यांच्याकडं बघायला लागलं.

"काय ठिवलं? आवं आक्का, काय ठिवलं?"

"लिंडानी," आक्का म्हणाल्या.

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. मधू पुढं आला. "आक्का, हे तर हायच की त्याचं. तुजं ठिव की गं. त्याच्यापायीच तर आलो आमी."

"व्हय. त्याच्यापायीच आलासा." आक्कांनी पोराची टोपी सरळ केली. "आन् ठिवून मोकळी झाले, तर मग कशापायी येशील रं?"

नोमुसा मधूला हलवून विचारत होती, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. आक्कांनी पोराच्या हातावर साखर ठेवली आणि सावकाश, त्याला कळेल असं म्हणाल्या, "तुज्या तिकडच्या आजीला सांग. नाव अजून ठिवायचं हाय मनावं."