तिसऱ्या पायरीवरची जागा

जयसिंगरावांनी इंग्रजी पेपरचं आठवं पान दुमडलं, पुन्हा उघडलं आणि शेवटी चष्म्यासकट मांडीवर ठेवलं. समोर गोजराबाई जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांतून दसऱ्याला पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्या सोडवत होत्या. राजा-राणीची लाकडी जोडी सर्वांत वरच्या पायरीवर केव्हाच उभी राहिली होती.

"काय आहे हो एवढं पेपरात?"

"काही नाही. स्वल्प वाचत होतो."

"तासभर?"

बातमी चार इंचांची होती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, व्हिक्टोरिया राणीच्या काळात, सराव करताना सोबतच्याच जहाजाची धडक बसून बुडालेली 'सेरेना' ही युद्धनौका पाणबुड्यांना सापडली होती. ती तळाशी आडवी पडलेली नव्हती. पुढच्या अंगाला जड तोफा असल्यामुळे नाकावर खाली गेली, चिखलात रुतली आणि तशीच उभी राहिली.

या 'सेरेना'ची प्रतिकृती त्यांनी पीण्या इथल्या कारखान्यात ड्राफ्ट्समन असताना सहा वर्षांच्या रविवारांत घडवली होती. सागवान आणि पितळ, ग्रंथालयातल्या एका पुस्तकातल्या चित्रावरून. आपलं काहीतरी चुकतंय, असं त्यांना प्रत्येक खिळ्यापाशी वाटलं होतं.

ती पूर्ण झाली त्या दसऱ्याला गोजराबाईंनी कौतुकानं बाहुल्यांत मांडली. पाणी भरायच्या पितळी गुंडीत वाळू भरली आणि जहाज नाकावर त्यात रोवलं. "बुडालं म्हणता ना? मग घागर आधी तोंडानंच बुडते की," त्या म्हणाल्या होत्या.

संध्याकाळी कुंकवाला बायका आल्या. शेजारची मथुराअक्का म्हणाली, "जयसिंगअण्णा, तुमच्या जहाजानं शीर्षासन घातलं की ओ." सगळ्या हसल्या. आणि आयुष्यात एकाही साहेबाला उलट उत्तर न दिलेले जयसिंगराव बोलून गेले, "हिला जहाजातलं काय कळतं."

गोजराबाईंनी वाळू झटकून जहाज त्यांच्या हातात दिलं. नऊ वर्षं ते पंच्यात गुंडाळून कपाटावर होतं. बाहुल्या मात्र दरवर्षी मांडल्या जात, आणि तिसऱ्या पायरीवर मधोमध हातभर जागा रिकामी राही. कुणी विचारलंच तर गोजराबाई म्हणत, "ह्यांची आहे ती."

ती रिकामी जागा नऊ दसरे पाहून झाली होती. प्रत्येक वेळी जयसिंगराव मनात एक वाक्य तयार करत, ते बरोबर नाही असं वाटून दुसरं करत, तोवर बाहुल्या आवरायची वेळ येई.

आज त्यांनी स्टूल ओढलं.

"अगं."

"हं."

"त्या दिवशी मी बायकांसमोर बोललो. तसं बोलायला नको होतं." त्यांनी स्टुलावर एक पाय ठेवला. "आणि बोललो तेही चूकच होतं."

गोजराबाईंनी हातातल्या मातीच्या मोराची मान पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

"सरी, असू दे," त्या म्हणाल्या. "सावकाश चढा. गुडघा सांभाळा."

पंचा सोडायला वेळ लागला. गाठी त्यांनीच मारल्या होत्या, रागात. जहाज पोटाशी धरून ते खाली उतरले, वळले, आणि थांबले.

तिसऱ्या पायरीवरची जागा रिकामी नव्हती. तिथं पितळी गुंडी होती, चिंचेनं घासून लख्ख केलेली. आत वाळू भरलेली, ओली करून थापलेली. पायरीवर वाळू सांडू नये म्हणून गुंडीखाली गोजराबाईंचा कन्नड पेपर घडी करून ठेवला होता. घडीच्या वरच्या बाजूला समुद्रतळाचं धूसर चित्र होतं. जयसिंगरावांनी चष्मा नीट केला आणि वाकून तारीख वाचली. परवाची होती.

ते काही बोलणार, तोच गोजराबाईंनी गुंडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"घाला," त्या म्हणाल्या. "धुराडी खिडकीकडं. तेव्हा तशीच होती."