बाळंतिणीच्या खोलीची भिंत

जुनी घरं घ्यायची, डागडुजी करायची आणि पुण्याच्या हौशी गिऱ्हाइकाला विकायची, हा आम्हा नवरा-बायकोचा धंदा. सुदर्शन गोड बोलतो, मी भांडते. म्हणून आमचं बरं चालतं. अवसरी बुद्रुकचं हे दगडी घर हौशीरामबाबांकडून घेताना मी कंबर कसूनच गेले होते. पण बाबा एका शब्दाने घासाघीस न करता सही करून मोकळे झाले.

घर विकलं तरी त्यांचा पाय काही निघेना. राहायचे पुतण्याच्या बंगल्यात, पण रोज सकाळी इथे ओट्यावर हजर. आमचा गवंडी चिमाजी सांध्यांत चुना भरायचा आणि हे बघत बसायचे. मला वाटलं, आता चुका काढणार. जुन्या मालकांची खोडच ती.

एक दिवस ते मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. बाळंतिणीची खोली, बिनखिडकीची. भर दुपारी दिवा लावावा लागे. आमचं गिऱ्हाईक नेमकं हिच्यावरच भाळलं होतं. त्या बाईंना तिथे ध्यानाला बसायचं होतं. एका दगडालाही हात लावू नका, असं त्यांनी बजावलं होतं.

"ताई," बाबा म्हणाले, "हितं येक खिडकी पाडाल का?"

"घर विकलंत ना बाबा? मग आता कशाला त्यात जीव अडकवता?" मी फटकन बोलले.

ते रागावले नाहीत. भिंतीकडे बघतच सांगू लागले.

"माझी बायकू अंबा हितंच बाळंत झाली. पोरगी झाली व्हती. बाजंखाली कोळशाची शेगडी, आन वारं लागू नये म्हणून दार गच्च लावल्यालं. सांजंला मला म्हणली, वाईच वारं येऊंद्या, जीव घाबराय लागलाय. मी आईला इचारलं. आई नाय म्हणली. सकाळी दार उघडलं तं दोघी गेलेल्या."

"मग एवढ्या वर्षांत तुम्हीच का नाही पाडलीत खिडकी?"

"आई व्हती तवर कशी पाडणार? तुझ्यामुळं गेली, आसं तिला तोंडावर म्हणल्यावानी झालं आसतं. ती गेल्यावर पहार घिऊन आलो व्हतो. पर मी तरी कुठं दार उघडलं व्हतं? हातच उचलंना. म्हणून तं घर इकलं, ताई. म्हणलं, दुसरं कुणी तरी पाडंल."

खिडकी पाडायची, असं मी सुदर्शनला सांगितलं. गिऱ्हाईक हातचं जाईल, सुदर्शन म्हणाला. गेलं तर जाऊ दे, म्हणून मी त्या बाईंना फोन लावला आणि काय झालं होतं ते सगळं सांगितलं. विचार करून कळवते, असं त्या म्हणाल्या. अजून कळवलेलं नाही.

चिमाजीने वरच्या दगडांना टेकू दिला, कडेचे दगड सैल केले. बाबांना लांब बसायला सांगितलं, तर त्यांनी त्याच्या हातातली पहारच मागून घेतली. दगड त्यांच्या अंगावर येईल, अशी मला भीती वाटत होती, पण मी अडवलं नाही. थांबत, दम खात त्यांनी घाव घातले. मधला मोठा दगड पलीकडे परसात पडला आणि खोलीत उजेड आला. मागोमाग वारा आला.

बाबा खाली बसले. सदऱ्याची बाही वाऱ्याने हलत होती, तिच्याकडे ते बघत राहिले.

"यवढंच काम व्हतं व्हय, ताई?" ते म्हणाले आणि हमसून हमसून रडू लागले.