मुलांच्या खोलीतला कॅरम

माझ्या एका कोपऱ्याची जाळी फाटली आहे आणि मधला लाल गोल घासून फिका झाला आहे. तरी माझ्यावरून स्ट्रायकर अजून सरळ जातो. मित्रांनो, मी एक जुना कॅरम आहे. नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात मुलांसाठी एक खोली आहे. तिथे मी राहतो.

माझा जन्म जुन्या नाशकात, एका सुताराच्या दुकानात झाला. एसटीत काम करणाऱ्या निवृत्तीरावांनी मला विकत घेतले. ते आणि त्यांची बायको रंगूबाई रोज संध्याकाळी माझ्यावर खेळत. रंगूबाई सरळ चिटिंग करीत. कोपराने सोंगटी ढकलत आणि वर म्हणत, "अहो, चष्मा बदला तुमचा." मग जेवणापर्यंत अबोला. सकाळचा चहा मात्र बरोबर. असे पुष्कळ वर्षे चालले. मग रंगूबाई आजारी पडल्या आणि गेल्या. निवृत्तीरावांनी मला भिंतीला टेकवून वर चादर टाकली. एक दिवस रिक्षात घालून ते मला इथे घेऊन आले.

"चांगला आहे की. का देताय, बाबा?" शिपायाने विचारले.

"समोर बसायला माणूस नाही," ते म्हणाले. पावडरचा डबा त्याच्या हातात देऊन ते निघून गेले.

इथे मला वाटले, आता रोज मुलांचा दंगा असेल. पण या खोलीत दंगा कमी होतो. इथे मूल आईबरोबर येते आणि वडिलांना भेटते, नाहीतर वडिलांबरोबर येते आणि आईला भेटते. त्यांच्या आईवडिलांचे लग्न मोडायला निघालेले असते. वेळ संपली की एक जण आधी जातो आणि दुसरा थांबतो, कारण खोलीला दार एकच आहे आणि त्या दारात दोघांना समोरासमोर यायचे नसते.

बसल्या जागी मी थोडा कायदाही ऐकला. येवल्याकडचा एक गृहस्थ छाती काढून सांगत होता, "मॅडम, आमची फारकत कवाच झाली. स्टॅम्प पेपर हाय. पंचांच्या सह्या हायेत." तेजल मॅडम इथल्या समुपदेशक. भांडणाऱ्या नवराबायकोशी आणि त्यांच्या मुलांशी बोलणे हे त्यांचे काम. त्या म्हणाल्या, "दादा, स्टॅम्प पेपरवर लग्न मोडत नाही. कोर्टाचा हुकूम लागतो. तोवर तुम्ही नवराच." त्याने दुसरीकडे साखरपुडा उरकला होता.

पण मला सांगायचे आहे ते वेदिकाचे.

वेदिका चौथीत होती. ती आईजवळ, पंचवटीत राहायची. आई उज्वला एका दवाखान्यात कामाला होती. वडील संतोष नामपूरला कांद्याच्या व्यापारात. तो दर शनिवारी एसटीने येई आणि दोघे माझ्यावर खेळत. राणी वेदिकाला मिळावी म्हणून संतोष मुद्दाम नेम चुकवायचा. तिला ते कळायचे. "पप्पा, नीट खेळा ना," असे म्हणून ती रागवायची. तेवढा वेळ खोलीत बरे वाटायचे.

मग एका शनिवारी संतोषच्या आई लंकाबाईही आल्या. त्यांनी नातीला कुरवाळले आणि कानाशी लागून सांगितले, "जजसाहेब विचारतीन, पप्पाकडे राह्यचं म्हण. ताबा आमाले मिळाला पाह्यजे. पोर आमनी शे." उज्वला दारातच होती. ती म्हणाली, "आत्याबाई, ताबा माझ्याकडेच राहणार. उगीच शिकवू नका तिला." ताबा, ताबा. वेदिकाचा स्ट्रायकर जागच्या जागी थांबला. त्या दिवशी डाव अर्धाच राहिला.

पुढच्या वेळी न्यायाधीश साहेब स्वतः वेदिकाशी बोलणार होते. त्या दिवशी ती आली, माझ्यासमोर बसली आणि स्ट्रायकर मुठीत घट्ट धरून राहिली. बोलेना. पाणीही पिईना. मुठीची बोटे पांढरी पडली होती.

"काय भरवलंस हिच्या डोक्यात?" संतोषने विचारले.

"मी? तुमच्या आईला विचारा."

"तुला ती नाशिकचीच करून टाकायची आहे. दोन वर्षांनी मला ओळखणार नाही ती."

"आणि तुम्ही एकदा नामपूरला नेली, तर परत पाठवाल? तुमचा भरवसा कोणी धरायचा?"

"धरू नको ना! कोर्ट धरेल," आजही बरोबर आलेल्या लंकाबाई मधेच बोलल्या.

शिपाई डोकावला. "यांच्या आधीचं एकच मॅटर राहिलंय, मॅडम."

तेजल मॅडमनी तिघांना दाराबाहेर काढले. दार मात्र उघडे ठेवले. मग त्या वेदिकासमोर बसल्या. त्यांनी काहीच विचारले नाही. नुसत्या सोंगट्या माझ्यावर ओतल्या आणि लावू लागल्या.

थोड्या वेळाने वेदिकाने एक सोंगटी उचलली. मग दुसरी. काळी, पांढरी, काळी, पांढरी अशी एक सरळ रांग तिने माझ्या मधोमध लावली, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत.

"हे काय गं?"

"तार."

"कसली तार?"

"ताब्याची." तिने रांगेवर बोट ठेवले. "नामपूरला आमच्या शेजारच्या केरूबाबांना शेताचा ताबा मिळाला ना, तेव्हा पोलीस आले होते. केरूबाबांनी काटेरी तार लावली. आता त्यांच्या सख्ख्या भावाला विहिरीवरसुद्धा येऊ देत नाहीत. मी मम्मीचं नाव सांगितलं की मम्मी तार लावणार. पप्पांचं सांगितलं की पप्पा. म्हणून मी सांगणारच नाही."

दाराबाहेरची तिघे आत कान देऊन पुढे सरकली.

तेजल मॅडम म्हणाल्या, "बाळा, शेताचा ताबा वेगळा. कोर्टात मुलांसाठीही तोच शब्द वापरतात, पण अर्थ तो नाही. तू कोणाच्या घरी राहून शाळेत जायचं, आजारी पडलीस तर कोणी बघायचं, तेवढंच त्यात ठरतं. दुसऱ्याला भेटायचा हक्क राहतो. साहेब तसं लिहून देतात. कोणी अडवलं तर कोर्टात येऊन सांगता येतं."

"पण मी नाव घेतलं की तसंच होणार ना?"

"नाही. साहेब तुझं ऐकतील, पण ठरवतील ते. तुझं भलं कशात आहे ते बघून. ते ओझं तुझं नाही. आणि नवराबायकोचं नातं कोर्टात सुटतं, आईवडिलांचं नाही सुटत."

वेदिका उठली आणि दाराशी गेली. तिने आईकडे पाहिले. "मम्मी, मी सुट्टीत नामपूरला जाऊ?"

लंकाबाईंनी तोंड उघडले, तेव्हा संतोषने आईचा हात दाबला. शिपाई पुन्हा आला. "चला, वेदिकाला बोलावलंय."

"परत आणून सोडाल?" उज्वलाने नवऱ्याकडे न बघता विचारले.

"सोडीन."

"शाळा उघडायच्या आत?"

"आत. शाळा नाशिकलाच राहू दे तिची. नामपूरची शाळा कशी आहे, मला माहीत आहे."

"मग जाऊ दे तिला," उज्वला म्हणाली.

तेजल मॅडम लगेच म्हणाल्या, "हे दारात बोलून भागणार नाही. साहेबांपुढे दोघं लिहून द्या."

लंकाबाई पुटपुटल्या, "नातीले तार कोण लावस?" आणि पदराने डोळे पुसले.

वेदिकाने मूठ उघडली. तळहातावर स्ट्रायकरचा गोल वळ उठला होता. स्ट्रायकर माझ्यावर ठेवून ती आत गेली. आत ती काय बोलली, मला माहीत नाही. मी या खोलीबाहेर जात नाही.

संतोष आणि उज्वला यांचा घटस्फोट झाला. सगळे पुन्हा एकत्र राहू लागले, असे मी सांगितले तर ते खोटे होईल. वेदिका आईकडे राहते. पण ती आता शनिवारी इथे येत नाही. संतोष तिला पंचवटीतल्या घरूनच घेऊन जातो आणि घरीच आणून सोडतो, असे मॅडम शिपायाला सांगत होत्या. तिच्यासारखा नेम इथे कोणाचा नाही. मला तिची आठवण येते. तरी आपल्याच वडिलांना भेटायला कोणा मुलाला माझ्यापर्यंत यावे लागू नये, हेच बरे.

मित्रांनो, मोठ्यांच्या भांडणात एखादा शब्द कानावर पडला आणि भीती वाटली, तर तो मुठीत धरून बसू नका. ज्याला ठाऊक असेल त्याला विचारा. आणि तुमच्या घरी कोणी मोठे हे वाचत असतील, तर त्यांनाही माझे एक मागणे आहे. लग्न मोडायचे असेल तर नीट, कायद्याने मोडा. पण तू कोणाचा, तू कोणाची, असे मुलाला विचारू नका. आपण दोघांचे आहोत, हे त्याला आधीपासून माहीत असते.