फिल्टरच्या नळीखालची बादली

आमचे हे पाण्याचे मीटर तपासायचे. नोकरी संपली, खोड गेली नाही. घरात एक थेंब वाया गेला की यांचा जीव वरखाली होई. भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना, कपड्यांचं संडासात. पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमधून जे टाकाऊ पाणी बाहेर येतं, त्या नळीखाली कायमची बादली. ती बादली मात्र फक्त लिंबाच्या झाडाची.

झाड आमच्या लेकीने लावलेलं. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. तिचे कपडे मी देऊन टाकले, फोटो बघवत नाहीत. जिवंत असं तिचं तेवढंच उरलं होतं.

यंदा पानांच्या कडा करपल्या. यांनी एकाच्या दोन बादल्या केल्या. माती पांढरट दिसते, असं मी एकदा म्हटलं होतं. "तुला काय कळतंय," म्हणाले. एरवी मिठाच्या डब्याच्या झाकणावरूनही भांडणारी मी, नेमकी तेव्हाच गप्प बसले.

पानं गळून फांद्या उघड्या पडल्या, तेव्हा माळ्याला बोलावलं. त्याने बुंध्याशी उकरून पाहिलं.

"काका, पाणी कुठलं घालता?"

"नळाचा थेंब नाही," हे ताठ मानेने म्हणाले. "सगळं फिल्टरचं, वाचवलेलं."

माळ्याने मातीवरची पांढरी खपली बोटाने उचलून जिभेवर ठेवली आणि थुंकला.

"खारट आहे. पाण्यातला खार काढून फिल्टर त्याच नळीने बाहेर टाकतो. तो सगळा इथे साठलाय."

"आता चांगलं पाणी दिलं तर?"

"मुळंच राहिली नाहीत, काका."

माळी गेल्यावर यांनी बागेतला नळ पूर्ण सोडला आणि पाइप बुंध्याशी धरून उभे राहिले. पाणी आळ्यातून वाहून फाटकाबाहेर, रस्त्यावर गेलं. चाळीस वर्षांत या घरात असं पाणी वाहिलं नव्हतं. मी नळ बंद करा म्हटलं नाही. मला रडूही येईना. नुसता राग येत होता, यांचा आणि त्याहून जास्त माझा.

शेवटी पायाशी चिखल झाला तेव्हा ते आत आले. बादली काठोकाठ भरली होती. सवयीने त्यांनी ती उचलली, दारापर्यंत गेले आणि थांबले.

"कुठे ओतू गं?" त्यांनी विचारलं.

"ठेवा खाली," मी म्हटलं.

पण ते बादली तशीच हातात धरून उभे राहिले.