जॉस मिलबर्नच्या पाइपची टोपी

नोरा टेल्फरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात ‘हाड’ या शब्दाला बंदी होती. कुत्र्यासाठी खाटकाकडून आणलेलं हाड चालायचं. किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं चालायचं नाही. कारण तसंच होतं. हस्तिदंताच्या विक्रीवर कायद्यानं बंदी आली आणि इंग्लंडातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातले निम्मे हत्ती आठवड्याभरात बैल झाले. इंटरनेटवर कालपर्यंत जी हस्तिदंती मुठीची सुरी होती, ती ‘बैलाच्या हाडाची मूठ, जुनी, देखणी’ झाली. किंमत तेवढी हत्तीचीच राहिली. असले विक्रेते हुडकून त्यांची नावं सरकारला कळवायची, हा नोराला सत्तरी उलटल्यावर जडलेला छंद. तिच्या वयाच्या बाकीच्या बायका चर्चमध्ये फुलं मांडायच्या.

तिला हस्तिदंताचं वावडं होतं अशातला भाग नाही. लग्न होऊन ती रॉथबरीला आली, तेव्हा नवऱ्याच्या दुकानाच्या दर्शनी कपाटात सात हत्तींची रांग होती, आईपासून शेंडेफळापर्यंत, सगळे हस्तिदंती. हत्ती मारून त्याचे हत्ती करायचे, यात तिला तेव्हा काही वावगं वाटलं नव्हतं. पुढे वाटलं, आणि मग फारच वाटलं. तेव्हापासून तिचा एकच नियम: कायदा जे विकू देतो ते खरं नाव-गाव सांगून, रीतसर नोंदणी करून विकायचं; बाकीचं विकायचं नाही.

सोमवारी सकाळी मार्जोरी आली. ही जॉस मिलबर्नची भाची. जॉस म्हणजे कोकेट नदीच्या खोऱ्यातला मेंढपाळ, आणि इथली छोटी पाइप, म्हणजे बॅगपाइपची धाकटी बहीण, वाजवणाऱ्यांतला सगळ्यात नाणावलेला. काखेत पिशवी, दुसऱ्या कोपराखाली भाता, तोंडानं फुंकायचं नाही. त्यामुळे जॉसला वाजवता वाजवता थापाही मारता यायच्या. मार्चमध्ये तो गेला. मार्जोरीनं त्याची पाइप पेटीसकट टेबलावर ठेवली.

"शुक्रवारी मी स्पेनला चाललेय. तोवर विकली तर ठीक. नाहीतर जेराल्ड पिम न्यायला तयार आहे."

"जेराल्ड काय लिहून विकणार आहे ही?"

"हाड म्हणाला. नोंदणी-बिंदणीची कटकट नको म्हणे."

नोरानं पेटी स्वतःकडे ओढून घेतली. "शुक्रवारी सकाळी अकराला ये."

दुपारी टपालवाली एली स्टोको आली. तिनं दाराशीच मान लांब केली.

"आली का?"

"आली. हात लावायचा नाही."

"मी टपालाचं विचारत होते."

"थापा मारू नकोस पोरी. टपाल तूच आणतेस."

एली अकरा वर्षं जॉसकडे शिकली होती. तिच्याकडची पाइप वादकांच्या मंडळाची, उसनी. महिनाअखेर परत द्यायची होती. जॉसची पाइप मिळावी म्हणून तिनं जुनी गाडी विकली होती आणि आता डोंगरातलं टपालही सायकलवर वाटत होती. पोटऱ्या आयत्याच मजबूत झाल्या, असं ती म्हणायची. खरं म्हणजे जॉसचे सूर दुसऱ्या कुणाच्या काचेच्या कपाटात मुके होऊन बसतील, या विचारानं तिची झोप उडाली होती. आणि जेराल्डच्या गिऱ्हाइकांची कपाटं सगळी काचेची.

"मिळेल ना मला?"

"कायद्यात बसली तर मिळेल."

"आणि नाही बसली तर?"

"तर मी तुलाही विकणार नाही," नोरा म्हणाली, आणि तिनं नवऱ्याच्या खणातून मापं घ्यायचा चिमटा काढला.

कायद्याला तीन गोष्टी हव्या होत्या. वाद्य पंचाहत्तर सालाच्या आधीचं असावं; त्यात हस्तिदंत आकारमानाच्या पाचव्या हिश्शाहून कमी असावा; आणि दुरुस्तीत घातलेला हस्तिदंत असलाच, तर तोही पंचाहत्तरच्या आधीच्या हत्तीचा असावा. पहिली गोष्ट सोपी होती. नळीवर कारागिराचा शिक्का होता, आणि जॉसचा आजा हीच पाइप काखेत घेऊन, मिशीला पीळ देऊन उभा असलेला १९०८ सालचा फोटो मार्जोरीनं पेटीतच टाकला होता.

दुसरीला मंगळवार अख्खा गेला. नळ्यांच्या सांध्यांवरच्या एकूण एक हस्तिदंती कड्या तिनं मोजल्या. मध्येच जेराल्ड पिम डोकावला. पाच दुकानं सोडून त्याचं दुकान होतं, आणि नोरानं आजवर कळवलेल्या नावांत त्याचं दोनदा होतं.

"अगं, पिशवी फुगवून मोज ना. वारा भरला की हस्तिदंत आपोआप कमी भरेल."

"वारा हिशेबात धरत नाहीत, जेराल्ड. धरला असता तर तुझी नोंदणी पहिली झाली असती."

संध्याकाळपर्यंत हिशेब लागला: आठव्या हिश्शाच्याही आत.

राहिली तिसरी. तिथे घोडं पेंड खात होतं. सगळ्यात लांब नळीच्या टोकावरची टोपी मूळची नव्हती. मूळची शहाऐंशी साली कोकेटच्या पाण्यात पडली, आणि जॉसनं नवी बसवली. ती कशाची, हे खोऱ्यातल्या लहानथोरांना पाठ होतं, कारण पुढची पस्तीस वर्षं दर रविवारी पुलाजवळच्या पबात तो ते सांगत आला होता. केनियातल्या मावसभावानं धाडलेला सुळा. हत्ती त्याच वर्षी मारलेला. मरताना त्यानं सोंड उचलून सलाम केला होता.

"थाप आहे गं ती!" बुधवारी एली टपालाची पिशवी आदळून म्हणाली. "जॉसला मावसभाऊच नव्हता!"

"मला ठाऊक आहे. पण मग खरं काय, ते मी सरकारला लिहून द्यायचंय. ‘मयत इसम थापाड्या होता’ असा रकाना नाही त्या अर्जात."

"भिंगातून बघ की."

"पाहिलं. चहात रंगवून, मेण भरून अशी घोटलीय की हस्तिदंताच्या तिरप्या जाळीरेघाही दिसत नाहीत आणि हाडाचे ठिपकेही. आतून बघायला हवी, आणि ती निघत नाही."

"मग उपटून फेकून दे!" एली म्हणाली, आणि स्वतःच पांढरी पडली.

नोरानं पिळून पाहिलं होतं. जॉसच्या हयातीत पबातल्या निम्म्या लोकांनी पिळून पाहिलं होतं. जेवढा जोर करावा तेवढी ती घट्ट बसायची, आणि आणखी जोर केला तर सव्वाशे वर्षांची नळी उभी चिरली असती.

त्याच दुपारी ती टॉट डॉडच्या मळ्यावर गेली. टॉट जॉसचा लहानपणापासूनचा सोबती. दोघं हिवाळाभर शेकोटीशी बसून मेंढ्याच्या शिंगांच्या मुठी घडवायचे, काठ्यांना बसवायचे आणि प्रदर्शनात एकमेकांविरुद्ध मांडायचे. आत्ताही तो एक शिंग वाफेवर धरून बसला होता.

"टॉट, ती टोपी कशाची आहे?"

"केनियाची."

"टॉट."

"जॉसला शब्द दिलाय मी."

"जॉस गेला रे बाबा."

"हो, दफनाला होतो की मी. नंतरची सँडविचं छान होती." त्यानं शिंग उलटं केलं. "तो असताना शब्द मोडला असता तर त्यानं शिव्या तरी घातल्या असत्या. आता मोडून काय गंमत?"

"तू गप्प बसलास तर पाइप शुक्रवारी जेराल्डकडे जाईल. एलीला मिळणार नाही."

टॉटनं शिंग खाली ठेवलं. मग म्हणाला, "चहा घेणार?" म्हणजे विषय संपला. नोरानं चहा घेतला, दुसराही घेतला, आणि तिसरा मागितला. टॉटनं चहाच दिला. निघताना ती दारात थांबून म्हणाली, "मी उद्या दिवसभर दुकानात आहे."

गुरुवारी चार वाजता दाराची घंटी वाजली. टॉट आत आला. हातात त्याची रोजची काठी, शिंगाच्या मुठीची, आणि मुठीच्या टोकाला पांढरं बोंड.

"मी काही सांगायला आलेलो नाही."

"बरं."

"काठी विसरायला आलोय."

त्यानं काठी टेबलावर आडवी ठेवली. मग ते बोंड चिमटीत धरून, बाटलीचं झाकण आपण घट्ट करतो त्या बाजूला फिरवलं. दोन फेऱ्यांत बोंड हातात आलं. ते काठीशेजारी ठेवून, भिंतीचा आधार घेत तो तसाच निघून गेला.

नोरानं भिंग लावलं. बोंडाची आतली बाजू कुणी घोटली नव्हती. तिथे मिरपूड भुरभुरावी तसे बारीक काळे ठिपके होते, आणि सुईनं कोरलेली अक्षरं: ‘सर हेन्री ८६’.

सर हेन्री कोण ते नोराला विचारावं लागलं नाही. तीन वर्षं लागोपाठ प्रदर्शनाचा करंडक जिंकलेला जॉसचा मेंढा. तो मेला तेव्हा जॉस दोन दिवस जेवला नव्हता, आणि बंधाऱ्यापलीकडे त्यानं त्याला मानानं मूठमाती दिली होती. एक तंगडी कमी असताना, असं आता दिसत होतं.

जॉस डावखुरा होता. स्क्रूचा आटा त्यानं उलटा पाडला होता, आणि अख्खं खोरं पस्तीस वर्षं टोपी उघडायला म्हणून ती आवळत बसलं होतं. नोरानं पाइप मांडीवर घेतली आणि नेमकं उलट केलं. टोपी लोण्यासारखी सुटली. आत तेच ठिपके, तेच नाव, तेच साल.

हत्ती नव्हता. पाइप कायद्यात बसली. नोरानं संगणक उघडला, फोटो चढवले, मापं भरली, आणि ‘टोपी कशाची’ या जागेवर येऊन थांबली. चहा केला. तो निवला. तिनं आयुष्यात कधी न लिहिलेला शब्द एकेक अक्षर दाबून लिहिला: मेंढ्याचं हाड. मग नोंदणीचं बटण दाबलं.

शुक्रवारी अकराला मार्जोरी आली. तिच्यामागून जेराल्ड, रिकामी पिशवी घेऊन. एली आधीच कोपऱ्यात उभी होती, टपालाच्या गणवेशात.

"झाली नोंदणी. हा क्रमांक," नोरा म्हणाली आणि कागद पुढे केला.

तो जेराल्डनंच उचलला. वाचता वाचता त्याच्या तोंडावर हसू पसरत गेलं. "हाड! मार्जोरी, ऐकलंस? नोरा टेल्फरच्या दुकानात हाड! शेवटी आमच्या पंगतीला येऊन बसलीस म्हणायची."

"भिंग घे आणि बघ."

"मी माझ्या हाडांना कधी भिंग लावलं नाही."

"म्हणून तर ती हाडं राहिली."

जेराल्डचं हसू थोडं आटलं. "मी कळवणार आहे, सांगून ठेवतो. तू माझं कळवलंस तसं."

"जरूर कळव. तक्रारीचा नंबर पाठ आहे मला, लिहून घे." आणि तिनं तो सावकाश, दोनदा सांगितला.

जेराल्डनं खरंच कळवलं. मधल्या काळात पाइप एलीकडे गेली होती, पण तपासणीच्या दिवशी नोरानं तिला ती घेऊन बोलावलं. आलेल्या सरकारी बाई फार शांत होत्या. त्यांनी प्रत्येक कडी मोजली, टोपी योग्य बाजूला फिरवून काढली, आत बघितलं, मग टॉटच्या काठीचं बोंड बघितलं. टॉट खुर्चीत बसून होता. "मी काही बोललो नाही," त्यानं त्यांना सांगितलं.

"हाड आहे," बाई म्हणाल्या. "खरं सांगायचं तर खरंच हाड निघालेलं मी या वर्षी पहिल्यांदा बघतेय. नाव?"

"नोरा टेल्फर."

"तुमचं नव्हे. मेंढ्याचं."

"सर हेन्री."

बाईंनी ते लिहून घेतलं. "यातलं आडनाव कुठलं?"

"ते त्यानं कधी सांगितलं नाही," नोरा म्हणाली.

त्या रविवारी पबात एली वाजवत होती. पिशवीत वारा भरला, लांब नळीनं खालचा सूर धरला, आणि म्हातारे बोलायचे थांबले. जॉस गेल्यापासून असं झालं नव्हतं. गाणं संपल्यावर बाजूच्या टेबलावरचा डोंगर चढायला आलेला एक पाहुणा खुर्ची सरकवून जवळ आला.

"ही पांढरी टोपी कशाची हो?"

एलीनं नोराकडे पाहिलं. नोरा आपल्या ग्लासात बघत होती.

"केनियाची," टॉट म्हणाला. "मरताना सलाम केला होता त्यानं."

पाहुण्यानं शीळ घातली. "कमाल आहे. विकणार का?"

नोरानं ग्लास खाली ठेवला आणि पर्समधून भिंग काढलं.

"विकायची असती तर मेंढ्याचं हाड," ती म्हणाली. "विकायची नाही, म्हणून केनिया."