आजार अल्प नव्हता

लाडकीचं पत्र येऊन दोन वर्षं होत आली होती आणि हरेश्वर चुरींनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. पत्ताही स्वच्छ होता, सातपाटीचा. उत्तर लिहायला ते चारदा बसले होते आणि चारही वेळा ‘सप्रेम नमस्कार’च्या पुढे त्यांना जाता आलं नव्हतं.

पत्र तसं छोटं. आंतर्देशीयाची एक बाजूही पुरती भरली नव्हती.

‘मास्तर, तुमच्या वाचनालयाचा अहवाल भावाने पाठवला. श्रद्धांजलीत आमच्या आयेचं नाव हाय. तुमी लिवलंय, कै. ठकीबाई या शांत, मनमिळाऊ व धर्मपरायण होत्या, अल्पशा आजाराने त्यांचे निधन झाले. मास्तर, ही बाय कोण? आमची आये मनमिळाऊ नव्हती. निम्म्या गावाशी तिचं पटत नव्हतं आन् उरलेल्या निम्म्याशी ती मुद्दाम बोलायची नाय. तुमी तिला वळखत होते. मग दुसरीच कोण मेल्यासारखं का लिवलं? तोंडी इचारलं तर तुमी खाली मान घालून बसाल, म्हणून लिवते. उत्तर पाठवा.’

लाडकीचा अंदाज चुकला नव्हता. पत्र वाचून हरेश्वर खाली मान घालूनच बसले होते.

त्यांना बोईसरात सगळे मास्तर म्हणत, पण त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. पालघरच्या कचेरीत एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुराच्या नकला केल्या, निवृत्त झाले आणि वाचनालय सांभाळायला लागले. पुस्तकं सोडली तर त्यांची कुणाशी फारशी ओळख नव्हती. गावात कुणी गेलं की वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूने चार ओळी लिहायच्या, तेराव्यापर्यंत ठेवायच्या आणि वर्षाच्या शेवटी अहवालात छापायच्या, अशी रीत होती. ते काम त्यांच्याकडे आलं. अक्षर चांगलं, म्हणून. त्यांनी एक साचा करून ठेवला होता. शांत, मनमिळाऊ, धर्मपरायण, अल्पशा आजाराने. त्या साच्यात अकरा वर्षांत त्यांनी सत्तरएक माणसं बसवली होती आणि एकाही मेलेल्याने तक्रार केली नव्हती. गेलेल्या माणसाबद्दल वावगं लिहू नये, असं ते स्वतःला सांगत. खरं म्हणजे स्वतःचं वाक्य लिहायची त्यांना धास्ती वाटे. आपण कोण लागून गेलो कुणाबद्दल लिहिणारे?

ठकी नवापूरची. मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात यायची. बाजार उठला की रिकामी पाटी घेऊन वाचनालयाच्या पायरीवर बसायची आणि म्हणायची, मास्तर, आज आमच्या नावानं काय छापलंय ते वाचा. काहीच छापलेलं नसायचं. एकदा मात्र छापून आलं. कुठल्याशा कारखान्याचा टँकर खाडीत घाण पाणी ओतायला आला होता आणि ही बाई पुलावर त्याच्या समोर पाटी ठेवून मांदेली निवडत बसली होती, सकाळपासून दुपारपर्यंत. ड्रायव्हर भोंगा वाजवून थकला, मग मौसी मौसी करायला लागला. ती म्हणाली होती, मौशी हाय तर पाया पड, आन् मागं फीर. टँकर मागे फिरला होता. ती बातमी हरेश्वरांनी तिला तीनदा वाचून दाखवली होती. आणि तिच्याबद्दल लिहायची वेळ आली तेव्हा लिहिलं होतं, शांत व मनमिळाऊ.

अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत नागोराव शिंगाडे गेला. नागोराव मराठवाड्यातला, रंगाच्या कारखान्यात कामाला. पाळी सुरू व्हायच्या आधी तासभर वाचनालयात येऊन बसायचा. नळावर तीनदा हात धुवायचा, शर्टाला पुसायचा, तरी पानांच्या कोपऱ्यांवर गुलाबी बोटं उमटायचीच. शिवाय त्याला एक खोड होती. पुस्तकातलं पटलं नाही की समासात पेन्सिलीने लिहायचा, ‘हे काही पटत नाही.’ हरेश्वर खोडरबर घेऊन मागे लागायचे. पुढे पुढे त्याचा खोकला इतका वाढला की इतर वाचक कुरकुरायला लागले. मग हरेश्वरांनी त्याला पुस्तक घरी न्यायला सांगितलं. म्हणजे सोय म्हणून सांगितलं. तो समजायचं ते समजला.

तो गेल्याचं कळलं तसं त्यांनी फळ्यावर नेहमीच्या ओळी लिहिल्या आणि आत जाऊन वर्तमानपत्रं लावत बसले.

पाचव्या दिवशी नागोरावची बायको मैनाबाई दारात उभी राहिली. बरोबर तिची नणंद गोजराबाई. मैनाबाई म्हणाली, “गुरुजी, ते भायेर लिवलंय ते वाचून दावा.”

त्यांनी बाहेर येऊन वाचून दाखवलं.

“अल्पशा म्हंजे?”

“म्हणजे थोड्या दिवसांच्या.”

“चार वरसं हो,” मैनाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “चार वरसं ह्ये माणूस बसून झोपलं. आडवं झालं की दम कोंडायचा. भिंतीला टेकायचं, मांडीवर उशी घ्यायची, आन् तसंच उजडायचं. ह्याला थोडं म्हंत्यात व्हय?”

हरेश्वर चाचरत म्हणाले, की तशी लिहायची पद्धत असते.

“कुनाची पद्धत?”

गोजराबाईने भावजयीच्या दंडाला धरलं. “चल गं मैना. मेल्यावर समदेच मनमिळाऊ असत्यात. जित्यापणी कुनी बाकावर बसू देत न्हाई.”

दोघी गेल्या. हरेश्वर खुर्चीत येऊन बसले. त्यांनी जुने अहवाल काढले आणि श्रद्धांजलीची पानं एकापाठोपाठ एक वाचली. अकरा वर्षांत बोईसर-तारापूरच्या पंचक्रोशीत जणू एकच माणूस पुन्हा पुन्हा मेला होता. शांत होता बिचारा. त्याचं कुणाशी भांडण नव्हतं, त्याला धड आजारही नव्हता. लाडकीने दोन वर्षांपूर्वी जे विचारलं होतं तेच आज दुसऱ्या बोलीत दारात येऊन उभं राहिलं होतं, आणि आपण पुन्हा खाली मान घातली होती. असंच चालू राहिलं तर उद्या आपणही याच साच्यात जाऊ, असं त्यांच्या मनात आलं. त्यांना स्वतःचा राग आला. त्यांना राग फारसा येत नसे, त्यामुळे त्याचं काय करायचं हे थोडा वेळ कळेना. मग ते उठले, ओलं फडकं घेतलं आणि फळा पुसला.

लिहायला त्यांना दुपार लागली. हातावर, धोतरावर खडूच खडू. शेवटी फळ्यावर हे राहिलं:

‘नागोराव झुंबर शिंगाडे, वय अडतीस, गुरुवारी वारले. आजार अल्प नव्हता. रंगाच्या कारखान्यात त्यांनी नऊ वर्षे काम केले व त्यातली चार वर्षे खोकत काढली. त्यांनी या वाचनालयाची एकशे बारा पुस्तके वाचली. जे पटले नाही ते पटले नाही असे समासात लिहिले. बहुतेक ठिकाणी त्यांचेच बरोबर होते. त्यांच्या खोकल्याची ज्यांनी तक्रार केली त्यांत मीही होतो. ह. चुरी.’

संध्याकाळी अध्यक्ष शांतारामशेठ आले. लोखंडी सामानाचं दुकान, माणूस तसा वाईट नव्हता. वाचनालयाची तीन कपाटं आणि पंखा त्यांनीच त्या रंगवाल्या मालकाकडून मिळवून आणले होते. फळा वाचून ते आत आले.

“हरेश्वर, ही श्रद्धांजली हाय की पंचनामा?”

“यात खोटं काय आहे ते सांग.”

“खोटं काय नाय रे. म्हणून तर पूस म्हणतो.” शांतारामशेठ खाली बसले. समजुतीच्या सुरात त्यांनी खूप सांगितलं. मालकाची गाडी याच रस्त्याने जाते, उद्या कपाटं परत मागितली तर पुस्तकं कुठे ठेवायची, शिवाय मेलेला काही परत येणार नाही. “जन्मभर नाकासमोर चाललास. आता सत्तरीला आल्यावर कशाला शिंगं फुटतायत?”

हरेश्वर टेबलाला धरून उभे होते. म्हणाले, “मी पुसणार नाही.”

“मग किल्ली ठेव.”

त्या किल्लीत हरेश्वरांचा जीव अडकला होता हे शांतारामशेठना माहीत होतं. त्या खोलीखेरीज त्यांना दुसरी जागा नव्हती. दिवसाचे आठ तास ते तिथे असत, घरी फक्त जेवायला आणि झोपायला जात. त्यांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली. दाराशी जाऊन थांबले आणि म्हणाले, “फळा मात्र बाहेर आहे, शांताराम. त्याला किल्ली लागत नाही.”

घरी बायकोला, नर्मदाबाईंना, त्यांनी हे सांगितलं. ती त्यांच्याकडे बघतच राहिली. भाजीवाल्याला सुद्धा नको म्हणता येत नाही म्हणून घरी चार चार दुधी आणणारा हा माणूस. “जेवा आता,” ती म्हणाली, “आणि खडू आहे का घरात?”

दुसऱ्या दिवशी सकाळी फळा पुसलेला होता. हरेश्वरांनी तोच मजकूर पुन्हा लिहिला. पहिल्या पाळीला निघालेले कामगार सायकलींवरून उतरून वाचायला लागले. संध्याकाळी शिपायाने फळा पुसला. तिसऱ्या दिवशी पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. बंद दारासमोर पाठमोरं उभं राहून लिहिताना त्यांना वाटे, सगळं गाव आपल्या पाठीकडे बघून हसतंय. हसतही होते काही. मास्तर शाळेतली शिक्षा भोगतायत वाटतं, असं एकजण म्हणाला. त्यांनी वळून पाहिलं नाही. कानाच्या पाळ्या तापल्या, पण ओळ वाकडी गेली नाही. बाजारातल्या कोळणी थांबत, ज्याला वाचता येई त्याला मोठ्याने वाचायला लावत. उत्तरेकडचे कामगार एकमेकांना हिंदीतून अर्थ सांगत. चौथ्या दिवशी मासळीबाजारात एक बाई मजकूर तोंडपाठ म्हणत होती, ‘आजार अल्प नव्हता’पासून थेट शेवटपर्यंत.

पाचव्या दिवशी हरेश्वर खडू घेऊन पोचले तर फळा आधीच लिहिलेला होता. अक्षर दुसऱ्याचं, वाकडंतिकडं, ओळी उताराला लागलेल्या. मजकूर मात्र तोच. आणि ‘त्यांत मीही होतो’ याच्या खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘मी पण’, आणि नाव. त्याखाली आणखी एक. रोज सकाळी वर्तमानपत्रासाठी भांडणारे दोघे, गिरणीवाला, शांतारामशेठच्या दुकानातला दिवाणजी. एकाला नाव लिहिता येत नसावं, त्याने खडू लावलेला अंगठा उठवला होता.

शांतारामशेठ आले तेव्हा हरेश्वर तिथेच होते. शेठनी डस्टर हातात घेतलं होतं. त्यांनी नावं वाचली. दिवाणजीच्या नावाशी थांबले.

“पूस,” हरेश्वर म्हणाले. “मी परत लिहीन. मी नाही लिहिलं तर हे लिहितील.”

“तेराव्यापर्यंत राहू दे,” शांतारामशेठ म्हणाले. “पण किल्ली मागू नको. ते माझ्या हातात नाय राह्यलं.”

“मागत नाही.”

तेराव्याला मैनाबाई आली. फळ्यासमोर उभी राहिली आणि पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं. हरेश्वरांनी वाचलं, शेवटची ओळसुद्धा. ती ओळ वाचताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं. हे त्यांना फार जड गेलं.

“नऊ न्हाई,” ती म्हणाली. “साडेनऊ वरसं. ते अर्धं वरीसबी त्येंचंच हाय.”

त्यांनी तिच्यासमोर ‘नऊ’ पुसून ‘साडेनऊ’ केलं. ती मान हलवून निघून गेली. आभार मानले नाहीत, आणि ते बरंच झालं.

तिथून हरेश्वर घरी गेले नाहीत. पोस्टात गेले, एक आंतर्देशीय घेतलं आणि तिथल्या उतरत्या फळीवर, दोरीने बांधलेल्या टाकाने, उभ्या उभ्या लिहायला लागले. या खेपेला ‘सप्रेम नमस्कार’ त्यांनी लिहिलंच नाही.

‘लाडकीबाई, तुमच्या पत्राला दोन वर्षे उत्तर दिले नाही. कारण एकच, मी भित्रा आहे. तुमच्या आई मनमिळाऊ नव्हत्या. त्या मला मास्तर म्हणत, पण माझे ऐकत कधीच नसत. त्यांना वाचता येत नव्हते, तरी बातमीत मी एखादा शब्द गाळला तर त्यांना बरोबर कळे. पुलावर टँकर अडवला तेव्हा त्या एकट्या होत्या. गावातले आम्ही बरेच जण तिथून गेलो. मीही गेलो, सायकलवरून, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच ती बातमी वाचून दाखवली. त्यांनी मला एका शब्दाने टोकले नाही. वाचनालयात आत न येता पायरीवर बसा, असे त्यांना सांगायला समितीने मला पाठवले होते. सांगून मी आत येऊन पंख्याखाली बसलो. हे सगळे यंदाच्या अहवालात यायला हवे. समिती ते छापणार नाही, आणि मीही आता तिथे नाही. म्हणून येत्या सोमवारी मी ते बाहेरच्या फळ्यावर लिहिणार आहे. त्याआधी तुम्ही हे वाचा. काही चुकले असेल, कमी पडले असेल, तर मला तसे लिहून कळवा. मी दुरुस्त करीन. हरेश्वर चुरी.’

पुन्हा वाचलं तर आपण फाडून टाकू हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वाचलं नाही. डिंक लावून कडा दाबल्या, सातपाटीचा पत्ता लिहिला, बाहेर येऊन पत्र पेटीत टाकलं आणि पडलं की नाही हे बोटं आत घालून पाहिलं. पडलं होतं.