आप्पांचा बँडसॉ

सदलग्याच्या पार्श्वनाथ आप्पांना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला. शेती मुलाकडं सोपवल्यावर त्यांनी हौसेनं छोटा बँडसॉ, म्हणजे फिरत्या पात्यानं लाकूड कापायचं मशीन, घेतला होता. पाट, चौरंग करून पावण्यांना वाटायचे. झटका आल्यावर मुलानं, अभिनंदननं, मशीनवर ताडपत्री टाकून वर दोरी बांधली.

पण घरात कुणी नसलं की आप्पा ताडपत्रीचा कोपरा उचलून पात्याला तेल लावत. सून सोनलनं एकदा ते पाहिलं.

"आप्पा, शेवटचा चौरंग वाकडा का झालता?"

"हात चांगला होता गं तवा. गाईड झिजल्यात. ते पात्याला दोन्ही बाजूनी धरून ठेवत्यात. झिजले की पातं डुलतंय, मग लाकूड जोरानं रेटावं लागतंय."

"गाईड नीट केले तर जोर कमी लागंल?"

"लई कमी."

अभिनंदन निपाणीला गेला होता. सोनलनं दोरी सोडली, प्लग काढलेला असल्याची खात्री केली. आप्पांनी तेलात मुरवलेला बाभळीचा तुकडा जपून ठेवला होता. झिजलेल्या गाईडच्या जागी बसवायला त्याचे चार ठोकळे तिनं हातकरवतीनं कापले, घासून गुळगुळीत केले. दोन टेबलाच्या वर बसवले, दोन खाली. आप्पा खुर्चीवरून सांगत होते. तिनं ठोकळे इतके दाबले की पातं वाकलं.

"अगं, गळा आवळतीस व्हय त्येचा!" आप्पा मोठ्यानं हसले. कितीतरी महिन्यांनी.

मग त्यांच्या सांगण्यावरून तिनं पातं आणि ठोकळ्यामध्ये कागद घातला, स्क्रू आवळला, कागद ओढून काढला. तेवढी फट पुरे. ठोकळे दातांच्या मागंच ठेवले, नाहीतर धार जाते. पाठीमागचं बेअरिंगही पात्याला टेकणार नाही इतपत सरकवलं. लाकूड रेटल्यावरच ते टेकायला हवं. शेवटी आप्पांनी स्वतः उठून, आता जरा हलू लागलेल्या उजव्या हातानं पात्याचं चाक फिरवलं. हळू फिरलं, पण पूर्ण फिरलं.

प्लग लावला. डाव्या हातात ढकलकाठी घेऊन आप्पा फळी कापत होते, सोनल बटणापाशी उभी होती, तेवढ्यात अभिनंदन दारात आला.

"बंद कर ते!"

सोनलनं बटण दाबलं. आप्पांनी मुलाकडं पाहिलं. "घाबरलास व्हय रं?"

"व्हय. तुम्ही अंगणात पडलाय ते अजून डोळ्यापुढनं जात न्हाय, आप्पा."

आप्पांनी काठी टेबलावर ठेवली. "एकट्यानं न्हाय चालवणार. तू न्हाईतर सोनल जवळ असाल तवाच."

अभिनंदननं फळीवरचा काप निरखला. सरळ होता. मग तो पात्याकडं बघत म्हणाला, "एवढं पातं उघडं कशाला? वरचं गाईड खाली घ्या की, लाकडाच्या जवळ."

"ह्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाय," आप्पा म्हणाले.

त्यानं स्वतःच गाईड खाली घेतलं, आवळलं, फट पुन्हा तपासली. पुढचा काप आणखी सफाईनं गेला.

त्या फळीचा पाट झाला. सोनलनं त्यावर आधी आप्पांना बसवलं, तर त्यांनी हट्टानं उठून तिलाच हात धरून पाटावर बसवलं. "आज तू जेव आधी," म्हणाले, आणि अभिनंदनला भाकरी वाढायला सांगितली.